पिवळ्या पाकिटावरची तारीख

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. काकू, मैत्रेयी, आणि इतक्या लांबून आलेली तुम्ही सगळी मंडळी.

आधी एक कबुली देतो. काकांच्या शोकसभेसाठी हे मनोगत मी लिहून आणायचं होतं. काकूंनी नऊ दिवसांपूर्वी फोन करून सांगितलं होतं. मी म्हटलं, उद्या लिहितो. दुसऱ्या दिवशी पण तेच म्हटलं. काल ड्रेस्डेनहून गाडीत बसलो तेव्हा वाटलं, सहा तास आहेत, आरामात होईल. मग समोर एक आजोबा शब्दकोडं सोडवत बसले होते, त्यांना दोन शब्द सांगितले, मग त्यांनी सफरचंद कापून दिलं, मग त्यांच्या गावाची गोष्ट निघाली, आणि गाडी बदलायची वेळ आली. आज सकाळी हॉलच्या बाहेर बाकावर बसून लिहिलंय. एक पान. तेही पुरतं भरलेलं नाही.

मी उद्या लिहितो म्हणणारा माणूस आहे. हे लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी अमेय. शिकायला म्हणून कार्ल्सरूहेला आलो. तीन सेमेस्टर केली, ती पण धड नाही. मग बेकरीत पहाटेची शिफ्ट, मग गोदामात पार्सलं, मग सायकलवरून जेवणाचे डबे. असाच फिरत फिरत एक दिवस मेश्राम काकांच्या ऑफिसात पोचलो, ते माझ्याच व्हिसाचं काहीतरी घेऊन. काकांनी माझे कागद बघितले, मला बघितलं, आणि विचारलं, "काऊन रे, तुला एका जागी बसता येते का?" मी म्हटलं, प्रयत्न करतो. म्हणाले, मग उद्यापासून बस. तीन वर्षं बसलो. माझ्या आयुष्यात मी कुठेच इतका बसलेलो नाही.

दयानंद मेश्राम हे नाव ऑफिसच्या पाटीवर होतं. तोंडात कुणाच्याच नव्हतं. सगळ्यांचे ते वकीलकाका. त्यांच्या ऑफिसात दोन खोल्या. खाली केशकर्तनालय, त्यामुळे अपीलाच्या कागदांना कायम शांपूचा वास. मागच्या खोलीत काकू टायपिंग करायच्या आणि चहा करायच्या. नवीन माणूस घाबरून दारातूनच बोलायला लागला की काका हात वर करायचे. आधी चहा, मग कागद. जर्मन माणूस असला तरी तेच. एकदा एका हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला पण चहा पाजून त्याच्याकडूनच त्याच्या मालकाची चूक लिहून घेतली होती काकांनी. पण ते राहू दे. मी भरकटतो. मी बोलायला लागलो की काका घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, काय हो प्रवासी, गाडी कुठे चालली.

आल्झो, मुद्द्यावर येतो.

आपल्या लोकांच्या कागदांचं काम करणारे वकील या भागात होते किती? काका होते. स्टेशनपलीकडे एक जर्मन वकीलबाई होत्या. लुडविग्सहाफेनकडे एक तुर्की गृहस्थ. आपण म्हणतो जर्मनी केवढा मोठा देश, पण परक्या माणसाच्या व्हिसाचा, घराचा, नोकरीचा कागद सोडवणं हा एवढासाच बाजार. तिघं एकमेकांशी चुरस करायचे, आणि तिघंच एकमेकांच्या सुट्टीत एकमेकांचं टपाल उघडायचे. वकीलबाई काकांना चिडवायच्या, म्हणायच्या, तुमचे निम्मे अशील चहासाठी येतात. काका म्हणायचे, गेनाऊ, अगदी बरोबर, आणि उरलेले निम्मे तुम्हाला कंटाळून.

मग ती मोठी फर्म आली. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. स्टेशनसमोर काचेची दारं, इंग्रजी बोलणारी पोरं, फोनवर ॲप. पत्राचा फोटो काढा, चढवा, सकाळी उत्तर. वर्षभरात वकीलबाईंनी आपली प्रॅक्टिस त्यांना दिली. तुर्की गृहस्थ निवृत्त झाले. राहिले काका.

लोक त्या फर्मकडे गेले यात काही चूक नव्हती. मी आज त्यांना नावं ठेवायला उभा नाही. त्यांच्या काही सवयी काकांपेक्षा चांगल्या होत्या, हेही सांगतो. पण लोक आपोआप गेले असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. मी नेले.

त्या फर्मला मराठी बोलणारा पोरगा हवा होता. मला व्हिजिटिंग कार्ड मिळणार होतं, त्यावर माझं नाव आणि खाली एक इंग्रजी हुद्दा. मला शाळेत कधी मॉनिटर पण केलं नव्हतं हो. मी हो म्हटलं. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चांगलं आहे, खिडकीजवळची जागा माग. एवढंच. आणि मी त्याच संध्याकाळी आपल्या ग्रुपवर लिहिलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये ते अजून असेल. मी लिहिलं होतं, मी नवीन ठिकाणी जातोय, काम लवकर होतं, काकांकडे आता वेळ लागतो, वय झालंय त्यांचं.

वय झालंय त्यांचं. हे मी लिहिलं. ज्या माणसाने मला खुर्ची दिली त्याच्याबद्दल. आणि खरं पण नव्हतं. सायकलवर मला मागे टाकायचे ते.

आता पाकिटाचं सांगतो. इथे जे नवीन आलेत त्यांनी नीट ऐका, हे उपयोगी आहे. सरकारी ऑफिसातून महत्त्वाचं पत्र येतं ते पिवळ्या पाकिटात. पोस्टमन त्याच्यावर पेनाने तारीख टाकतो आणि तुमच्या पेटीत सोडतो. तुम्ही घरी असा, गावाला असा, मुदत त्या तारखेपासून मोजायची. तुम्ही पत्र कधी वाचलं याला किंमत नाही. आपण काय करतो? आपण पत्र जपतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालतो, तीन झेरॉक्स काढतो, देवाच्या फोटोमागे ठेवतो. आणि पाकीट फाडून टाकून देतो. सगळे करतो. जर्मन माणूस उलटा, त्याला लहानपणापासून माहीत असतं.

म्हणून काकांचा एक नियम होता. पाकीट पत्राला स्टेपल करायचं. मग दोघांनी त्यावरची तारीख मोठ्याने वाचायची. एकाने वाचायची, दुसऱ्याने वहीत लिहायची, मग वहीतलं परत वाचून दाखवायचं. तीन वर्षं रोज. मी एकदा म्हटलं, काका, शाळेतल्या पाढ्यांसारखं झालं हे. काकूच आतून म्हणाल्या, तुला पाढे तरी कुठे येतात.

माझा शेवटचा आठवडा होता. काका त्या दिवशी कोर्टात. काकू मुलीकडे, आपल्या मैत्रेयीकडे गेलेल्या. ऑफिसात मी एकटा, आणि एक वाजता त्या नव्या फर्मचं स्वागताचं जेवण. पावणेएकला स्नेहलताई आल्या.

स्नेहल वाघमारे. तुमच्यातले बरेच जण ओळखतात. नागपूरच्या. इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये पाण्यातलं शिसं गाळणाऱ्या पडद्यावर संशोधन करायच्या. त्या आणि त्यांची इरा, दुसरीतली. आपण मराठीत विचारायचो आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि भांडताना मात्र मराठीत भांडायची. ताईंनी नोकरीचा करार बदलल्याचं कळवायला उशीर केला होता, म्हणून व्हिसाची मुदतवाढ नाकारल्याचं पत्र आलं होतं. हरकत घ्यायला एक महिना असतो. केस मजबूत होती. काका आधीच म्हणाले होते, हे होईल.

ताई परिषदेहून आदल्या संध्याकाळी परतल्या होत्या. म्हणाल्या, काल मिळालं. मी वहीत कालची तारीख लिहिली. दहा. पत्र फाइलला लावलं. पाकीट हातात होतं. खरं सांगतो, हातात होतं. नव्या फर्मच्या ॲपमध्ये पाकिटाचा फोटो मागत नाहीत, आठवडाभर मी ते शिकत होतो, आणि माझ्या डोक्यात आलं की काकांचं हे सगळं जुनं झालं. मी ते चुरगळलं आणि रद्दीच्या निळ्या डब्यात टाकलं. ताईंना चहा पण विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी फाइल उघडली. बघितलं. विचारलं, "पाकीट?"

मी म्हटलं, "बघितलं काका. तारीख बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली आणि फाइल मिटली. ते माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसले. वय झालं म्हणून नाही.

पाकिटावर तारीख होती सहा. ताई परिषदेला गेल्या त्याच दिवशी पोस्टमन आला होता. काकांची पद्धत अशी की आधी सगळे कागद गोळा करायचे आणि मग हरकत एकदाच, पूर्ण धाडायची. मोठ्या फर्ममध्ये पहिल्याच दिवशी एका ओळीची हरकत पाठवून मोकळे होतात. ती त्यांची चांगली सवय, मी मघाशी म्हटलं ते हेच. पण काका वहीवर विसंबून होते. इन्स्टिट्यूटचं पत्र आलं आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेला त्यांनी हरकत दाखल केली. तीन दिवस हातात ठेवून, असं त्यांना वाटलं. खरं तर एक दिवस उशिरा.

एक दिवस.

सरकारी ऑफिसचं उत्तर आलं तेव्हा मी काचेच्या दारामागे बसलो होतो. खिडकीजवळची जागा मिळाली होती. काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, जसं नेहमी सांगायचे. वकिलाची चूक असेल तर कायदा ती अशिलाचीच धरतो. पण मदतनिसाची चूक असेल, आणि वकिलाने त्याला नीट शिकवलं होतं हे दिसलं, तर हुकलेली मुदत माफ होऊ शकते. त्यासाठी मदतनिसाने स्वतः लिहून द्यावं लागतं. काय झालं, कसं झालं, खाली सही. दोन आठवड्यांत.

काका म्हणाले, "एक पान लिही. खरं तेवढंच. ताईंचं घर वाचेल."

मी म्हटलं, उद्या देतो.

तुम्हाला वाटेल, मला कुणाची भीती होती? कुणाचीच तशी नाही. नव्या साहेबांना कळेल, एवढंच. नवीन पोरगा तारखा चुकवतो. माझं कार्ड छापून आलं होतं. तेवढ्या कार्डासाठी. मी बसायचो लिहायला. तारीख टाकायचो, नाव टाकायचो, आणि मग चहा करायला उठायचो. काकांचे फोन यायचे. उद्या, काका. सोमवारी नक्की, काका. ताईंचा एक मेसेज आला, इराला शाळेत नाटकात कोल्ह्याचं काम मिळालंय, तोपर्यंत होईल ना? मी अंगठा पाठवला.

चौदाव्या दिवशी काका स्वतः आले.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. काकू, तुम्हालाही नाही. काका सायकलवरून आले, आणि त्या फर्मच्या रिसेप्शनमध्ये मऊ सोफ्यावर बसले, हेल्मेट मांडीवर ठेवून. मला काचेतून दिसत होते. त्यांनी बरोबर पेन आणलं होतं, खिशाला लावलेलं. रिसेप्शनच्या मुलीने मला फोन केला, म्हणाली, एक वयस्कर गृहस्थ भेटायला आलेत. आणि मी म्हटलं, सांग, मीटिंगमध्ये आहे.

मीटिंग नव्हती. मी खुर्चीवर बसलो होतो. एका जागी बसायला त्यांनीच शिकवलं होतं.

ते पाऊण तास थांबले. पाणी प्यायले. मुलीला ग्लास परत नेऊन दिला. गेले.

माफीचा अर्ज माझ्या पानाशिवाय गेला, आणि फेटाळला गेला. ताईंनी घर सोडलं. त्यांची कुंड्यांमधली कढीपत्त्याची झाडं तुमच्यातल्या तिघांकडे आहेत, मला माहीत आहे. कोल्ह्याचं काम दुसऱ्या कुणी केलं. आज ताई नागपुरात आहेत, शिकवण्या घेतात असं ऐकलं. आणि आपल्यात काय बोललं गेलं? हॉलमध्ये, किराणा दुकानात, ग्रुपवर? काकांनी तारीख चुकवली. वय झालंय त्यांचं. माझेच शब्द. मी पेरले होते, ते उगवलेले होते, मला नुसतं गप्प बसायचं होतं. मी बसलो.

कुणी तोंडावर विचारलं तर काका काय म्हणायचे, आठवतंय? तुमच्यातल्या काहींनी विचारलंय. ते म्हणायचे, "माझ्या ऑफिसातून चुकलं." त्या ऑफिसात तीन माणसं होती. तिसऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. दोन महिन्यांत लोक यायचे बंद झाले, आणि वर्षाच्या आत पाटी उतरली. पाटी उतरवायला स्टेशनपलीकडच्या त्या वकीलबाई शिडी घेऊन आल्या होत्या म्हणे. मी नव्हतो.

आणि ती मोठी फर्म? तिला त्याहून मोठ्या एकीने गिळलं. इथली शाखा बंद, काचेची दारं आता एका दातांच्या डॉक्टरकडे आहेत. मराठीत आता यंत्र उत्तर देतं, बरंच बरं देतं म्हणतात. मला एका मेसेजने घरी पाठवलं. एवढ्याशा बाजारात काका गेले, वकीलबाई गेल्या, मी गेलो, आणि कागद घेऊन उभा राहिलेला माणूस अजून उभाच आहे. मी पुन्हा फिरायला लागलो. सध्या ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये असतो. ताटं बरोबर मोजतो. ते जमतं.

आता शेवटचं.

काल काकूंकडे उतरलो. त्यांनी जेवायला वाढलं. मी म्हटलं, काकू, लिहायला कागद आहे का? त्या उठल्या, काकांच्या कपाटातून स्नेहलताईंची फाइल काढली, आणि तिच्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. वरच्या बाजूला काकांनी टाइप केलेलं माझं पूर्ण नाव, माझा तेव्हाचा पत्ता, आणि त्याखाली एक ओळ, की मी खालील मजकूर खरा असल्याचं शपथेवर सांगतो. बाकी पान कोरं. दोन वर्षं तसंच. सगळ्यात खाली सहीसाठी पेन्सिलने एक फुली.

काकू म्हणाल्या, "हा तुझाच आहे ना?"

मी हो म्हटलं. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली. त्यांना किती माहीत होतं, कधीपासून, मी विचारलं नाही. मैत्रेयी शेजारी बसली होती. तिने कागद वाचला आणि फक्त म्हणाली, आख् सो. असं होय. त्या दोन शब्दांनंतर मला जेवण गेलं नाही.

हाच तो कागद. मी आत्ता ह्याच्यावरूनच वाचतोय. आज सकाळी लिहिला, बाहेरच्या बाकावर. यात लिहिलंय की पाकीट मी टाकलं. तारीख मी न बघता लिहिली. विचारल्यावर मी खोटं बोललो. मला तीन वर्षं रोज शिकवलं गेलं होतं आणि यात दयानंद मेश्राम यांची काहीही चूक नव्हती. खाली फुलीवर सही केली आहे. याचा कुठल्याही ऑफिसात आता उपयोग नाही, हे मला कळतं. मुदत कधीच गेली. पण ज्यांनी काकांना नावं ठेवली ते सगळे आज या खोलीत आहेत, आणि मी त्यांतला पहिला. म्हणून इथे दाखल करतो. बाहेर पडताना त्या टेबलावर असेल. वाचा. फोटो काढा. ग्रुपवर टाका, जिथे मी ते दुसरं टाकलं होतं.

काकू, मी माफी मागत नाही. ती मागायची माझी मुदत पण गेली. फक्त हे सगळ्यांसमोर तुमच्या हातात द्यायचं होतं.

हाउसमाइस्टर खुणावतोय, सहाला हॉल रिकामा करायचा आहे, खुर्च्या रचायच्या आहेत. मी रचतो, तुम्ही कुणी हात लावू नका. आता आपण सगळे उभे राहू या. काकांसाठी दोन मिनिटं. काका म्हणायचे, तारीख दोघांनी वाचायची. मी म्हणतो, आज ही दोन मिनिटं सगळ्यांनी एकदम गप्प राहायचं, मीसुद्धा, मधे काही आठवलं तरी.

एक मिनिट. थांबा.

मैत्रेयी दाराकडे बघतेय. मागच्यांनी जरा बाजूला व्हा.

दारात स्नेहलताई आहेत. मी मघाशी म्हटलं नागपुरात आहेत. त्या इथे आहेत, त्या बाकाशी वाकून बुटांचे बंद सोडताहेत, आणि शेजारी ही एवढी उंच झालेली इरा.

बसा सगळे. दोन मिनिटं नंतर. ताई, पुढे या, इथे काकूंच्या शेजारी. तुम्हाला अर्धंच ऐकू आलं असेल. मी पहिल्यापासून सांगतो.